घंटा चुकत नाही

आतियाकोपे,
५ फेब्रुवारी १९९८

दादा,

बाबा गेले. मंगळवारी सकाळी मी कांद्याच्या वाफ्यांना पाणी घालून परत आलो तेव्हा ते अंगणात खुर्चीवर नेहमीसारखे बसलेले होते. मांडीवर आक्प्लेची, मक्याच्या उकडीच्या गोळ्याची थाळी, अर्धी खाल्लेली. कोंबड्या थाळीत चोच घालत होत्या आणि ते त्यांना हाकलत नव्हते, त्यावरून कळलं. त्रास काही झाला नाही. आदल्या दिवशी मासे खारट झाले म्हणून माझ्या बायकोला बोलले होते, म्हणजे शेवटपर्यंत ठीक होते.

देह केटाच्या रुग्णालयाच्या शवागारात ठेवलाय. आकोली आजोबा आणि वाडीतले इतर म्हातारे बसले आणि ईस्टरनंतरचा शनिवार ठरला, १८ एप्रिल. अमेरिकेहून यायला तुला वेळ मिळावा म्हणूनच एवढा लांबचा दिवस धरलाय. तू थोरला आहेस, तुझ्याशिवाय काही उचलता येत नाही हे तुला सांगायला नको.

मुख्य गोष्ट ढोलाची. बाबांचा मोठा ढोल त्यांनी स्वतःच नाताळच्या आधी भिंतीकडे तोंड करून ठेवला होता. मला म्हणाले, "अग्बेको आला की सरळ कर. माझ्या मागे त्याच्यावर तोच बसेल. तो नाही आला तर ढोल तसाच राहू दे, मला गप्पच न्या." हे त्यांनी आवुसी आत्यासमोर सांगितलं, त्यामुळे आता कोणाला बदलता येणार नाही. पन्नास वर्षं ज्याने गावातल्या प्रत्येक मेलेल्यासाठी ढोल वाजवला, त्याला आपण मुक्याने न्यायचं का, एवढाच प्रश्न आहे.

आईच्या अंत्यविधीच्या वेळचं मनात धरून बसू नकोस. चौदा वर्षं झाली. तू ढोलावर होतास, ताल भर गावासमोर सुटला, हात थांबला, तू दुसऱ्या दिवशी निघून गेलास. झालं ते झालं. चूक कोणाच्याही हातून होते. लोक विसरलेत.

कांदा यंदा बरा आहे. समुद्राने पलीकडच्या वाडीतली अजून दोन घरं खाल्ली. पत्र मिळताच कळव.

तुझा भाऊ,
गामेली


२ मार्च १९९८

दादा,

तुझी विद्यार्थिनी पोहोचली आणि तिने तुझं पत्र हातात दिलं. नऊ ओळी. मी मोजल्या. बाप गेल्यावर माणूस नऊ ओळी लिहितो हे मला माहीत नव्हतं.

पैकी तीन ओळी त्या पोरीला नीट ठेव म्हणून आहेत. ती नीट आहे. इरासी नाव आहे ना तिचं? आमच्या बायका तिला आयरासी म्हणतात आणि ती हाकेला ओ देते. तिला वरच्या खोलीत ठेवलंय, मच्छरदाणी दिलीय, भेंडीचं कालवण आवडतं, दोनदा मागून घेते. मी तिला विचारलं, "तू अमेरिकन का?" तर म्हणाली, "नाही काका, मी ब्राझीलची. शिकायला अमेरिकेत." मला काका म्हणते हे तूच शिकवलं असशील.

उरलेल्या ओळींत तू लिहितोस की येणार नाही, ढोलावर एनामला बसवा, "माझे हात त्या दिवशीच गेले, माझा त्यांच्यावर भरवसा नाही."

एनाम चांगला पोरगा आहे. आपल्याच आतेभावाचा मुलगा, लहान ढोल झकास वाजवतो. पण मोठ्या ढोलावर बसायचं तर लोकांनी त्याच्याकडे बघितलं पाहिजे, आणि एनामकडे अजून त्याची बायकोसुद्धा बघत नाही. शिवाय तो स्वतःच म्हणतो, "तुमच्या बाबांचा शब्द मोडून मी ढोल फिरवणार नाही. उद्या मला ताप आला तर कारण कोण शोधत बसणार?"

मी वाडीच्या बैठकीत सांगितलं की दादाच्या कामाचं जमत नाहीये. आवुसी आत्या मधेच बोलली, "कामाचं कशाला सांगतोस, त्याला लाज वाटते. लाज वाटलीच पाहिजे. पण चौदा वर्षं पुरे झाली म्हणावं, कोणी कापडसुद्धा इतकी वर्षं वापरत नाही." मग तिने तुझ्या त्या फजितीवरचं आपलं गाणं गुणगुणलं. हो, ते अजून म्हणतात. मागच्या पत्रात मी लिहिलं की लोक विसरलेत, ते खरं नाही. आईच्या त्या आठवड्यातच आत्याने ते रचलं होतं, तू गेल्यावर, म्हणून तू कदाचित पूर्ण ऐकलं नसशील. ऐकायची गरज नाही.

तुझ्या हातांना काही झालेलं नाही. हे मी तुला लिहून देतो. विचार कर आणि ये.

गामेली


१५ मार्च १९९८

दादा,

हे पत्र मी दोनदा फाडलं. हे तिसरं.

इरासी रोज सकाळी माझ्याबरोबर कांद्याच्या वाफ्यांवर येते. पाणी ओढायला मदत करते, अर्धं पायावर सांडते. शुक्रवारी दुपारी मी ओसरीवर आपल्या दोन तोंडांच्या लोखंडी घंटेची दोरी बदलत होतो. ती म्हणाली, "काका, वाजवून दाखवा ना." मी म्हटलं, यात दाखवण्यासारखं काय आहे, सात ठोके, पहिला एकदाच खालच्या मोठ्या तोंडावर, मग वरच्या लहान तोंडावरून खाली उतरायचंच नाही. वाजवलं. तिने माझ्या हातातून काठी घेतली आणि तेच वाजवलं. तसंच. वजनसुद्धा तेच, तिसऱ्या ठोक्यावर जरा रेंगाळायचं ते.

मी म्हटलं, "दादाने चांगलं शिकवलंय."

ती म्हणाली, "सरांनी नाही. हे मला चार वर्षांची असल्यापासून येतं. आमच्या साल्वादोरला माझ्या आजीचं देवघर आहे, तिथे देव अंगात येतात तेव्हा हीच घंटा वाजते. माझ्या आजीच्या आजीला तिथे विकलं होतं. भाषा गेली, नावं गेली, कुठून आलो ते कोणाला ठाऊक नाही. घंटा राहिली. सरांच्या वर्गात पहिल्या दिवशी ऐकली आणि मी बाकावर बसून रडले. म्हणून इथे आले."

मी तिला म्हटलं, पाणी पी.

मग ती तुझ्याबद्दल बोलायला लागली. तुझ्या वर्गात एक अख्खं वर्ष कोणालाही ढोलाला हात लावू देत नाहीस म्हणे. फक्त घंटा. पोरं कुरकुरतात. तू त्यांना सांगतोस, घंटा धरणारा सगळ्यांची अब्रू धरून बसलेला असतो. माझ्या गावात माझा धाकटा भाऊ घंटा धरतो, तो आयुष्यात एकदाही चुकलेला नाही. आणि मोठ्या ढोलावर तू स्वतः कधीच बसत नाहीस. तिने तुला पाच वर्षांत एकदाही बसलेलं पाहिलं नाही. कोणी आग्रह केला तर म्हणतोस, "मी आईला पोहोचवू शकलो नाही. मला घंटा ऐकू येईनाशी झाली होती."

हे सगळं ती सहज सांगत होती, शेंगा सोलता सोलता. तिला वाटलं मला बरं वाटेल.

मी दोन दिवस जेवलो नाही. बायकोने विचारलं, पोट बिघडलंय का? हो म्हटलं.

उरलेलं उद्या लिहितो. दोन्ही कागद एकाच पाकिटात घालीन, नाहीतर पहिला गेल्यावर दुसरा लिहायचं मी टाळीन. मी मला ओळखतो.


१६ मार्च

दादा,

तू चुकला नव्हतास. मी घंटा सरकवली होती.

आता सरळ सांगतो, कारण वेढे घेत गेलो तर मीच मला माफ करून टाकीन.

आईला आणून ठेवलं होतं, आपण चौकात बसलो होतो. तू मोठ्या ढोलावर, मी तुझ्या डाव्या हाताला, मागे खुळखुळेवाल्यांच्या तीन रांगा. तू आईचं नाव घेणारे लांब बोल सुरू केलेस, डोळे मिटून. चांगलं वाजवत होतास. खरं सांगायचं तर बाबांपेक्षा चांगलं. पाचव्या आणि सहाव्या ठोक्याच्या मधे मी थांबलो. पापणी लवते तेवढाच. आणि तिथून पुढे तालाचं एक घर मागे सरकून वाजवत राहिलो. खुळखुळेवाले माझ्याबरोबर आले, कारण ते तुझं ऐकतच नाहीत, घंटा ऐकतात. त्यांच्याबरोबर लहान ढोल आले. सगळा चौक एक पाऊल सरकला आणि तू एकटा मूळ जागेवर उभा राहिलास. बरोबर जागेवर.

तू डोळे उघडलेस आणि माझ्याकडे पाहिलंस. त्याच वेळी मी परत सरकलो असतो तर कोणाला कळलं नसतं. मी मान हलवली. म्हणजे, इकडे ये, ताल इकडे आहे. आणि तू आलास. तुझं बरोबर होतं ते सोडून तू माझ्या मागे आलास, कारण लहानपणापासून आपल्याला एकच शिकवलंय की भांडण झालं तर घंटा चुकत नाही, ढोल चुकतो. येताना पाय घसरला, पुन्हा सापडेना, हात थांबला. बायकांच्या बाजूने कोणीतरी हसलं. आवुसी आत्याने तोंडावर फडकं धरलं. बाकी तुला माहीत आहे.

का केलं? कारण सांगायची लाज वाटते इतकं ते लहान आहे. त्या सकाळी तू तुझ्याबरोबर आलेल्या त्या दोन गोऱ्या प्राध्यापकांना सगळ्यांची ओळख करून देत होतास. हे आमचे वडील, पंचक्रोशीतले सगळ्यात मोठे ढोलवाले. ही आत्या, गाणी रचते. माझ्याकडे आलास आणि म्हणालास, "हा गामेली. हा फक्त घंटा वाजवतो."

आई चार वर्षं अंथरुणावर होती. तिला दिवसातून सहा वेळा कुशीवर मी वळवत होतो. तू टेप रेकॉर्डर आणि चकचकीत बूट घेऊन आलास, आणि बाबांनी मला न विचारता ढोल उचलून तुझ्यापुढे ठेवला. त्यात ते "फक्त". माझं डोकं फिरलं. वाटलं, बघू या फक्त घंटा काय करते.

तुला एकदा अडखळवायचं होतं. तुझे हात घ्यायचे नव्हते. तू अमेरिकेत जाऊन पुन्हा वाजवत असशील, मोठा माणूस झाला आहेस, इथल्या चार लोकांच्या हसण्याचं तुला काय, असं मी मला चौदा वर्षं सांगत आलो. इरासीने ते बंद केलं.

बाबांना कळलं होतं का, ते मला माहीत नाही. त्या दिवसानंतर मी घंटेवर असताना ते कधीही ढोलावर बसले नाहीत. गुडघा दुखतो म्हणाले. दुसरा कोणी घंटेवर असला की गुडघा बरा असायचा. मी त्यांना विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

एक गोष्ट डोक्यातून जात नाही. आपल्या केटाच्या किल्ल्यातून गुलाम म्हणून साखळ्या घालून ज्यांना नेलं, त्यांच्याजवळ ना घंटा होती ना ढोल. त्यांनी ते सात ठोके डोक्यात धरून समुद्र ओलांडला, तिकडे कोणाच्या तरी उसाच्या मळ्यात कुदळीच्या पात्यावर वाजवले असतील, आणि दीड-दोनशे वर्षांत एक घर इकडचं तिकडे होऊ दिलं नाही. ती पोरगी माझ्या ओसरीवर बसून ते जसंच्या तसं वाजवते. आणि मी, ज्याला कोणी मारत नव्हतं, जो आपल्या गावात आपल्या आईसमोर बसला होता, मी ते सरकवलं.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, चूक कोणाच्याही हातून होते. ते वाक्य मी परत घेतो.

गामेली


३० मार्च १९९८

दादा,

मागचं पाकीट तुला मिळालं की नाही, ठाऊक नाही. हे पत्र इरासी घेऊन येतेय, ती दोन तारखेला निघते.

तुला सांगून भागणार नव्हतं. ताल भर चौकात सुटला होता, तर सांगायचंही चौकातच. मागच्या आठवड्यात, २२ तारखेच्या रविवारी चर्च सुटल्यावर मी आकोली आजोबांना म्हटलं, वाडीला बसवा. त्यांना वाटलं शवपेटीच्या रंगाचं काहीतरी असेल. झाडाखाली सगळे जमले, मी उभा राहिलो आणि जे तुला लिहिलं तेच सांगितलं, "फक्त"सकट. माझी बायको खाली बघत होती.

एनाम म्हणाला, "म्हणजे काका, आम्हीसुद्धा तेव्हा तुमच्याबरोबर चुकीचं वाजवलं?" मी म्हटलं, हो. तो तेव्हा पंधरा वर्षांचा असेल, शेवटच्या रांगेत खुळखुळा घेऊन बसलेला. त्याच्या चेहऱ्याकडे मला बघवलं नाही.

आवुसी आत्या उठली. तिला आता काठी लागते. माझ्यासमोर येऊन उभी राहिली.

"चौदा वर्षं मी त्या पोराला गाण्यात घालून कुटला, आणि तू शेजारी बसून त्यावर ठेका धरलास?"

"धरला."

"एकदाही घशात आलं नाही?"

"आलं. गिळलं."

"मग आता गाणं फिरव आणि तूच म्हण. मला दम लागतो."

तुला ते गाणं पूर्ण माहीत नसेल, म्हणून आधी जुनं लिहितो:

अग्बेकोचे हात बोटीतून गेले,
येताना त्याने परक्याचे आणले,
घंटा दारात उभी आहे, आणि तो घर शोधतोय.

मी त्याच चालीवर म्हटलं:

अग्बेकोचे हात बोटीतून गेले,
येताना त्याने आपलेच आणले,
गामेलीने दार सरकवलं, म्हणून भाऊ घर शोधतोय.

मला गाता येत नाही, ते तू जाणतोस. तीनदा म्हणायला लावलं. तिसऱ्या वेळी बायकांनी उचललं, आणि आता ते सुटलंय. काल कांद्याच्या बाजारात दोन अनोळखी बाया ते म्हणत पोती शिवत होत्या. माझा नातू आंघोळ करताना म्हणतो. मी मेल्यावरही म्हणतील. ठीक आहे.

घंटा माझ्याकडून काढून घेतली. मी स्वतःच आजोबांच्या पायाशी ठेवली होती, पण त्यांनी "काढून घेतली" असं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, तेही बरोबरच आहे. मग प्रश्न आला की बाबांच्या वेळी घंटा कोण धरणार. एकाने एक नाव सुचवलं, दुसऱ्याने दुसरं. आजोबा म्हणाले, "ढोलावर बसणारा आपला घंटेवाला स्वतःच निवडतो, ही आपली रीत. अग्बेकोला विचारल्याशिवाय ती कोणाच्या हातात जाणार नाही."

म्हणून घंटा तुझ्याकडे पाठवतोय. इरासीच्या पिशवीत आहे, तिच्या कपड्यांत गुंडाळलेली. विमानतळावर विचारलं तर काय सांगू, असं ती म्हणाली. मी म्हटलं, माझ्या काकांची आहे म्हणून सांग. दोरी नवी घातलीय. खालच्या तोंडाला एक बारीक टवका आहे तो जुना आहे, बाबांच्या वडिलांच्या काळचा, आवाजात फरक पडत नाही.

आता माझं एवढं ऐक. इरासीला घंटा वाजवू दे. तिच्या हातात ती सरकणार नाही, तिच्या घरी चार पिढ्यांत सरकली नाही. आणि तू तिथे जो मिळेल तो मोठा ढोल घे, दार लावून घे हवं तर, आणि आईच्या नावाचे ते बोल सुरू कर, जिथे मी तुला तोडलं तिथून. तुझी जागा तुला सापडेल, कारण ती हरवलीच नव्हती. ते एवढं झालं की मग येण्याचं ठरव. नाही आलास तरी घंटा ठेवून घे. माझ्यावर राग धर, बोलू नकोस, ते सगळं मी समजू शकतो. पण हातांवरचा राग सोड.

आलास तर सांगतो काय दिसेल. बाबांचा ढोल मी सरळ केलेला नाही, ते तू करायचं. कातडं ढिलं पडलंय, पण फाटलेलं नाही, पाणी मारून दोन तास उन्हात ठेवलं की ताणेल. आत्या पहिल्या बाकावर असेल. ती रडेल आणि मग रडवल्याबद्दल तुलाच बोलेल. घंटेवर तू ज्याला आणशील तो असेल, मग ती ब्राझीलची पोरगी असली तरी चालेल असं आजोबांनी कबूल केलंय, थोडी घासाघीस करून.

आणि मला शोधायला लागलास तर तिसऱ्या रांगेत, एनाम बसायचा त्या जागेवर बघ. घंटा जिथे जाईल तिथे मी जाईन.

तुझा भाऊ गामेली,
जो फक्त खुळखुळा वाजवतो